रमा-माधवाच्या मागावर एक दिवस : पर्वती ते थेऊर

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजातून आत आल्या आल्या मावशीने विचारलं, "अरे, पण वाडा कुठंय?"

"हाच की."

"हा? ही तर नुसती जोती आहेत."

मावशी नाशिकची. २०१९ मध्ये कलर्स मराठीवर माधवराव पेशवे आणि त्यांची बायको रमाबाई यांच्यावरची 'स्वामिनी' ही मालिका सुरू झाली आणि ती रोज संध्याकाळी कुकर बंद करून टीव्हीसमोर बसायला लागली. त्याच्याही कितीतरी आधी दूरदर्शनवरची 'स्वामी' तिने शेजाऱ्यांकडे जाऊन पाहिली होती, रवींद्र मंकणी आणि मृणाल देव यांची. तिच्या डोक्यात शनिवारवाडा म्हणजे नक्षीदार खांब, झुंबरं, पैठणीतल्या बायका आणि मधोमध तुळशीवृंदावन. आणि समोर हिरवळ, दगडी चौथरे, सेल्फी काढणारी पोरं. ती रागावली नाही, पण हिरमुसली. नंतर दिवसभर मी काहीही दाखवलं तरी "हे खरं की सेट?" असंच विचारत राहिली.

चूक माझी होती. पुण्यात पाहुणे आले की आपण त्यांना सवयीने आधी शनिवारवाड्यावर नेतो. ही गोष्ट मात्र तिथे सुरू होत नाही आणि संपतही नाही. तेव्हापासून मालिका बघून आलेल्या कोणालाही मी वेगळ्या क्रमाने फिरवतो. माधवरावांची कारकीर्द ज्या क्रमाने घडली त्याच क्रमाने, म्हणजे सकाळी पर्वती आणि संध्याकाळी थेऊर. पहिल्यांदाच पुण्यात येणाऱ्यांसाठी तो दिवस इथे लिहून ठेवतो आहे.

निघण्याआधी दोन सनावळ्या पाठ करा

१७६१ आणि १७७२. एवढ्या दोनच. १७६१ मध्ये माधवराव पेशवे झाले, तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला ते क्षयाने गेले, सत्ताविसाव्या वर्षी. सगळी कारकीर्द मिळून अकरा वर्षांची. रमाबाईंशी त्यांचं लग्न त्याच्या बरंच आधी, १७५३ साली झालेलं, नवरदेव अवघा आठ वर्षांचा.

हे दोन आकडे कशाला? पुण्यात 'पेशवाई' म्हणून जे जे दाखवलं जातं त्यातलं निम्मं १७७२ नंतरचं आहे. गाईड सांगतो, फलक सांगतो, रिक्षावालाही सांगतो की हे पेशव्यांचं. पण कोणत्या पेशव्यांचं? पेशवाई चालली शंभराहून जास्त वर्षं. विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाचा. सारसबागेतला गणपती सवाई माधवरावांचा, १७८४ चा. नावातल्या 'माधवराव'मुळे तिथे हमखास गोंधळ होतो. सवाई माधवराव म्हणजे नारायणरावांचा मुलगा, आपल्या माधवरावांचा पुतण्या. मालिकेतल्या रमाबाई सारसबागेतल्या त्या देवळात कधी गेल्या असतील, असं समजून हात जोडले तर गणपतीची काही हरकत नाही, पण त्या हयात असताना ते देऊळ नव्हतं. म्हणून प्रत्येक ठिकाणी आधी एकच विचारायचं : हे १७७२ च्या आधीचं की नंतरचं?

बाकी तयारी साधी आहे. चटकन काढता येतील अशा चपला, कारण दिवसभरात चार-पाच देवळं आहेत. पाण्याची बाटली. उन्हाळा असेल तर एक मोज्यांचा जोड पिशवीत टाका, दुपारी देवळाच्या फरशीवर त्याची किंमत कळते. थंडीचे दिवस सगळ्यात बरे. गणेशोत्सवाचे दहा दिवस मात्र टाळा. त्या दिवसांत पेठांमधून चालणं हा स्वतंत्र अनुभव आहे आणि तो घ्यायलाच हवा, पण इतिहास बघायला नाही. संकष्टी चतुर्थी कधी आहे तेही कॅलेंडरमध्ये बघून ठेवा. संकष्टीला थेऊरला रांग लागते, आणि अंगारकी असेल तर तिकडे फिरकूच नका.

सकाळी साडेसहा : पर्वती

स्वारगेटपासून रिक्षाने पाच-दहा मिनिटांत पर्वतीच्या पायथ्याशी पोचता. पायऱ्या १०३. हत्तीला चढता यावं म्हणून त्या रुंद आणि बुटक्या ठेवल्या असं सांगतात. माणसाला मात्र त्यांचा पल्ला अर्धवट पडतो : एक पाऊल कमी, दोन जास्त. सकाळी इथे पुणेकर व्यायामाला येतात. सत्तरीतले आजोबा तुम्हाला मागे टाकून दोनदा वर जाऊन येतील. मनाला लावून घेऊ नका.

वर देवदेवेश्वराचं मंदिर आहे. ते नानासाहेब पेशव्यांनी, म्हणजे माधवरावांच्या वडिलांनी, बांधलं आणि १७४९ मध्ये पूर्ण केलं. म्हणजे १७७२ च्या आधीचं, निश्चिंत पाहा. मधोमध शंकर आणि चार कोपऱ्यांना चार छोटी देवळं, अशी ती पंचायतनाची मांडणी आहे. शेजारी कार्तिकेय, विष्णू, विठ्ठल यांचीही देवळं आहेत. कार्तिकेयाच्या देवळात बायकांनी जायचं नाही अशी जुनी रीत. सोबत बायकामंडळी असतील तर दारात हिरमोड नको म्हणून आधीच सांगून ठेवतो.

पण मी तुम्हाला इथे आणतो ते देवदर्शनासाठी नाही. नानासाहेबांचा मृत्यू इथेच झाला, २३ जून १७६१ ला. त्याच वर्षी १४ जानेवारीला पानिपत झालेलं. थोरला मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवराव भाऊ, दोघंही तिथे गेले. नानासाहेब त्या धक्क्यातून सावरलेच नाहीत. त्यांची समाधी टेकडीवरच आहे. विश्वासराव वाचते तर माधवरावांना पेशवाई मिळालीच नसती. मालिकेत ही गोष्ट दोन-तीन भागांत आटोपते, कारण पटकथेला पुढच्या सासू-सुनेच्या प्रसंगांकडे जायचं असतं. इथे समाधीपाशी उभं राहून मनात जरा हिशेब करा : मुलगा सोळा वर्षांचा, मोठा भाऊ गेलेला, सैन्य गारद, तिजोरीवर कर्ज, आणि शेजारी उभा काका रघुनाथराव. पुढच्या अकरा वर्षांचं सगळं नाट्य या टेकडीवर सुरू होतं.

मग कठड्याशी या आणि उत्तरेकडे बघा. खाली सारसबाग दिसते. तिथे पूर्वी नानासाहेबांनी तयार करवलेलं तळं होतं, म्हणूनच त्या गणपतीला अजून 'तळ्यातला गणपती' म्हणतात. त्यापलीकडे पेठांची गर्दी. त्या गर्दीत मुठेच्या अलीकडे कुठेतरी शनिवारवाडा आहे. उंच इमारतींमुळे आता तो सहज सापडत नाही. पुढची दिशा मात्र लक्षात येते : गोष्ट इथून खाली शहरात उतरते.

वर पेशवे संग्रहालय आहे. पेशव्यांची चित्रं, जुनी नाणी, हत्यारं, भांडी असा संग्रह. उघडं मिळालं तर वीस मिनिटं द्या, नाही मिळालं तर त्यासाठी खोळंबू नका. जाता जाता एक खिडकी दाखवतात. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई चालू असताना दुसरा बाजीराव पर्वतीवरून ती बघत होता. आपल्या गोष्टीशी त्याचा संबंध नाही. तरी बघून घ्या, कारण पेशवाईचा सगळ्यात अवघड काळ जिथे सुरू झाला त्याच टेकडीवरून तिचा शेवटही दिसला.

खाली उतरून नाश्ता करा. आठ-सव्वाआठला पोटात मिसळ असलेली बरी. शहरात मिसळ कुठे चांगली यावर वाद होतील, त्यात मी पडत नाही. मात्र 'तिखट' सांगताना विचार करा, पुढे दिवसभर चालायचं आहे.

सव्वानऊ : शनिवारवाडा, पण वरून

पर्वतीहून थेट रिक्षा करा किंवा स्वारगेटला येऊन मेट्रो घ्या. स्वारगेटनंतर मंडई, मग कसबा पेठ. कसबा पेठेला उतरलात की वाडा चालण्याच्या अंतरावर. स्वारगेटपर्यंतची ही भुयारी मेट्रो सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. त्याआधी बाजीराव रस्त्याच्या कोंडीत पाहुण्यांचा अर्धा उत्साह संपायचा.

वाडा पुरातत्त्व खात्याकडे आहे. तिकीट लागतं, भारतीयांसाठी ते अगदीच किरकोळ असतं. फाटकाशी गाईड भेटतील. घ्यायचा असेल तर पैसे आधीच ठरवा आणि त्याला सांगा, "माधवरावांच्या काळातलं दाखवा." चांगला गाईड खूश होईल. चांगला नसेल तर तो ताबडतोब 'काका मला वाचवा' वर येईल.

त्याचंही इथेच बघून टाकू. नारायणरावांचा खून याच वाड्यात झाला, पण ३० ऑगस्ट १७७३ ला. माधवराव जाऊन तेव्हा नऊ महिने झाले होते. गारद्यांची, 'ध'चा 'मा' झाल्याची, अमावास्या-पौर्णिमेला ऐकू येणाऱ्या किंकाळ्यांची गोष्ट पर्यटकांना फार आवडते, आणि ती इतकी मोठी होऊन बसली आहे की वाड्याचं बाकी सगळं आयुष्य तिच्याखाली दबलं. आपल्या दिवसात ती उद्याची गोष्ट आहे.

आता मुख्य काम. दिल्ली दरवाजाशी थांबा. हत्ती अंबारीसकट आत येईल इतका तो उंच. फळ्यांवर अणकुचीदार खिळे आहेत, एकेका फळीवर ७२. हत्तीने धडक देऊन दार फोडू नये म्हणून. हे दार आणि हा तट खराखुरा आहे. पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० ला, शनिवारी, वाड्याचा पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ ला, पुन्हा शनिवारीच, वास्तुशांत केली. खर्च १६,११० रुपये आला अशी नोंद आहे. वाडा म्हणून दुमजली-तिमजली वाड्यांचं जे काही चित्र तुमच्या डोळ्यांपुढे असतं, ते सगळं लाकडाचं होतं, आणि २७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेल्या आगीत ते गेलं. ती आग सात दिवस धुमसत होती. उरलं ते दगडाचं : तट, दरवाजे, जोती. मालिकेच्या सेटवर दिसतो तो वाडा कोणीही आयुष्यात पाहिलेला नाही, हे पाहुण्यांना आत शिरण्यापूर्वी सांगावं. मी मावशीला ते सांगितलं नव्हतं.

आत शिरल्यावर बहुतेक लोक सरळ हिरवळीवर जातात. तसं करू नका. आधी दरवाजाच्या बाजूच्या जिन्याने वर चढा. नगारखान्यात जाऊ देत असतील तर तिथले लाकडी खांब आणि कमानी डोळे भरून पाहा. वाड्याच्या आतला सरंजाम कसा असेल त्याची पुसट कल्पना तिथेच येते. मग तटावरून खालचे चौथरे न्याहाळा. जमिनीवरून जे नुसतं दगडांचं कुंपण वाटतं, ते वरून घराच्या नकाशासारखं उलगडतं. चौक, त्याभोवती सोपे, मध्ये हौद, पलीकडे दुसरा चौक. गावाकडच्या चौसोपी घराचा सराव असेल त्याला ते लगेच वाचता येतं. नसेल तर एका चौथऱ्यावर बोट ठेवून म्हणा : इथे माणसं बसायची, इथून आत बायकांचा भाग, तिथे पाणी. मजले मनातच चढवायचे.

मग खाली उतरा आणि फिरा. दरवाजे पाच : दिल्ली, मस्तानी, खिडकी, गणेश आणि नारायण. या शेवटच्याला जांभूळ दरवाजा असंही नाव आहे. नारायण हे नाव नंतरचं हे आता तुम्हाला सांगायला नको. हजारी कारंज्यापाशी हमखास गर्दी असते. सोळा पाकळ्यांच्या कमळासारखं ते कारंजं सुंदरच आहे, पण बाळ सवाई माधवरावांसाठी बांधलेलं. म्हणजे १७७२ नंतरचं. 'इथे रमाबाई बसायच्या' असं कोणी सांगितलं तर गालातल्या गालात हसा.

माधवरावांचं काय इथलं? दोन गोष्टी मी आवर्जून सांगतो. रघुनाथरावांनी पुतण्याविरुद्ध बंड केलं, १७६८ मध्ये नाशिकजवळ धोडपला त्यांचा पराभव झाला, आणि माधवरावांनी काकांना आणून याच वाड्यात नजरकैदेत ठेवलं. ज्या घरात लहानपणी काकांच्या मांडीवर बसलेले असतील, त्याच घरात काकांवर पहारा. मालिकेतल्या रघुनाथराव-आनंदीबाईंच्या कारस्थानांत जो काही खरा गाभा आहे तो हा. दुसरी रामशास्त्री प्रभुण्यांची. तरुण पेशवा पूजाअर्चेत इतका रमायचा की दरबारात लोक ताटकळायचे. शास्त्रीबोवांनी तोंडावर सांगितलं, ब्राह्मणाची कर्मं करायची असतील तर राज्य सोडा, राज्य करायचं असेल तर प्रजेकडे बघा. आणि माधवरावांनी ऐकलं. ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तिचे शब्द प्रत्येकाच्या तोंडी वेगळे असतात, म्हणून मी अवतरणचिन्हं देत नाही.

वाड्याला सव्वा तास ठेवा. त्याहून जास्त नको, ऊन चढतं आणि आत सावली जेमतेम.

बाहेर आलात की कसबा गणपती जवळच. पुण्याचं ग्रामदैवत, जिजाऊंच्या काळापासूनचं. नमस्कार करून पुढे चला. लाल महाल रस्त्यातच दिसेल. आजची इमारत विसाव्या शतकात नव्याने उभारलेली आहे आणि तो विषय शिवकाळाचा. आजच्या दिवसात तो बाहेरून बघितला तरी चालेल.

अकरा वाजता : पेठांमधून पायी

आता मोबाइलवरचा नकाशा बंद करून चालत सुटा. अप्पा बळवंत चौकातून पुस्तकांच्या दुकानांवरून लक्ष्मी रस्त्याकडे. हा रस्ता गर्दीचा, पण दिवसातला सगळ्यात जिवंत तुकडा हाच.

एक गोष्ट आधी डोक्यात असू द्या. १७६३ मध्ये निजामाने पुणं लुटलं आणि जाळलं. माधवरावांना गादीवर येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. त्याच वर्षी १० ऑगस्टला गोदावरीकाठी राक्षसभुवनला त्यांनी निजामाला हरवलं, आणि मग उरलेल्या आठ-नऊ वर्षांत हे शहर पुन्हा उभं राहिलं. आजची सदाशिव पेठ माधवरावांच्याच काळात सदाशिवराव भाऊंच्या नावाने वसली. पानिपतावर हरवलेल्या काकाच्या नावाची पेठ. मालिकेत शहर दिसतच नाही. तिथे सगळं दिवाणखान्यात आणि देवघरात घडतं. म्हणून मला हे चालणं वाड्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

बेलबाग हे पहिलं थांबण्याचं ठिकाण. विसर्जन मिरवणुकीच्या बातम्यांत 'बेलबाग चौक' दरवर्षी ऐकता, तोच. आत लक्ष्मी-नारायणाचं देऊळ आहे. ते नाना फडणवीसांनी बांधलं, १७६९ च्या सुमाराला. मालिकेत जो तरुण नाना फडात लेखणी घेऊन बसलेला दिसतो, तोच हा. दुकानांच्या रांगेत दार सहज चुकतं. विचारा, कोणीही दाखवेल. आत गेलात की रस्त्याचा आवाज एकदम कमी होतो.

तुळशीबाग पुढे, दोन मिनिटांवर. पुण्यातल्या बायकांसाठी तुळशीबाग म्हणजे खरेदी. भांडी, बांगड्या, पिना, देवघरातली सगळी उपकरणं. पण त्या गर्दीच्या मधोमध राममंदिर आहे, माधवरावांच्या कारकिर्दीत नारो अप्पाजी खिऱ्यांनी उभारायला घेतलेलं. ते पुण्याचे सुभेदार. या बागेमुळेच त्यांच्या घराण्याचं आडनाव पुढे तुळशीबागवाले झालं. आत लाकडी सभामंडप आहे. मावशी इथे पाऊण तास हरवली होती. मंदिरात दहा मिनिटं, उरलेला वेळ पितळी निरांजनं बघण्यात. त्याचा हिशेब दिवसात धरून ठेवा.

मग विश्रामबागवाडा. १८०० नंतर दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला. नियमाप्रमाणे आपल्या यादीत तो बसत नाही, तरी मी हा अपवाद करतो. का? कारण शनिवारवाड्यात जे जळून गेलं त्याची जात कशी होती ते इथे उभं दिसतं. दर्शनी सज्जाचे सुरूच्या आकाराचे कोरीव खांब, त्यावरची वेलबुट्टी, पुढे आलेलं लाकडी छज्ज्याचं काम. शनिवारवाड्यातले चौथरे मनात ठेवून हे खांब त्यांच्यावर उभे करा. मावशीला मी नंतर पुन्हा एकदा आणलं तेव्हा इथे पोचल्यावर ती म्हणाली, "हां, आता वाडा दिसला." वाड्याचं दुरुस्तीकाम अधूनमधून चालू असतं. आत जाता आलं नाही तरी समोरच्या फुटपाथवरून दर्शनी भाग नीट दिसतो.

दुपार

जेवण साडेबाराच्या आत उरकलेलं बरं. जुन्या पेठांत खानावळी अजून आहेत. आमटी-भात, दोन पोळ्या, कोशिंबीर, सुट्टीच्या दिवशी एखादं गोड. एक ते चार पुण्यात दुकानं बंद असतात हा विनोद आता जुना झाला, पण जुन्या पेठेत तो पूर्ण खोटाही नाही.

जेवणानंतर उन्हाचा तास-दीड तास राजा दिनकर केळकर संग्रहालयात घालवा, तिथून पायी पोचता येतं. ऐतिहासिक मालिका पाहणाऱ्याने तर हे चुकवूच नये. इथे राजेमहाराजांचं कमी आणि घरातलं जास्त आहे : दिवे, अडकित्ते, पानदानं, गंजिफा, दौती, कुलपं, फण्या, स्वयंपाकघरातली भांडी. मालिकेत पाहिलेला अडकित्ता आठवा आणि इथले बघा. एखाद्यावर मोर, एखाद्यावर घोडा. सुपारी कातरायच्या वस्तूवर एवढी नजाकत! कोथरूडच्या मस्तानी महालाचे भागही इथे आणून जोडलेले आहेत. तो महाल मस्तानीचा, म्हणजे माधवरावांच्या आजोबांच्या काळचा. सगळी दालनं बघायची म्हटलं तर दिवस जाईल. दिव्यांचं आणि स्वयंपाकघराचं बघा आणि निघा.

खरं तर इथे थांबून घरी जाण्याचा मोह होतो. पाय दुखत असतात, पोट भरलेलं असतं. बहुतेकांची 'पेशवेकालीन पुणे' सहल इथेच संपते. वेळ कमी पडत असेल तर शनिवारवाड्याला दहा मिनिटं कमी द्या, पण थेऊर गाळू नका.

तीन वाजता : थेऊर

पुण्याहून थेऊर पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे. सोलापूर रस्त्याने हडपसर ओलांडून लोणी काळभोरच्या बाजूला गेलात की थेऊर फाटा लागतो, तिथून डावीकडे आत. पीएमपीची बस मिळते, पण पाहुणे असतील तर गाडी सांगितलेली बरी. गाडी जाऊन-येऊन आणि तिथे दोन तास थांबायच्या बोलीवर ठरवा, नाहीतर परतीच्या वेळी फाट्यावर ताटकळावं लागतं. हडपसरची कोंडी धरून सव्वा तास हाताशी ठेवा.

थेऊर हा अष्टविनायकातला चिंतामणी. मूळ मंदिर चिंचवडच्या मोरया गोसावींच्या घराण्यातल्या धरणीधर महाराज देवांनी बांधलं. पुढचा लाकडी सभामंडप माधवरावांनी जोडला. गाभाऱ्यातली मूर्ती डाव्या सोंडेची, पूर्वेकडे तोंड केलेली. मुख्य दरवाजा उत्तरेला, मुळा-मुठेकडे उघडतो. रांग असेल तर दर्शन घ्या, नसेल तरी घ्या, पण मग बाहेर पळू नका. सभामंडपात भिंतीला टेकून बसा. मध्ये काळ्या दगडाचं छोटं कारंजं आहे. खांब पाहा.

माधवरावांची या गणपतीवर श्रद्धा होती. क्षय बळावला, औषधांचा उपाय चालेना, तेव्हा ते इथे येऊन राहिले. अखेरचे दिवस याच आवारात गेले आणि कार्तिक वद्य अष्टमीला इथेच त्यांनी देह ठेवला. दरवर्षी त्या तिथीला थेऊरला रमा-माधव पुण्योत्सव होतो. नोव्हेंबरच्या आसपास पुण्यात येणार असाल तर पंचांग बघून तो दिवस साधा. त्या दिवशीची गर्दी संकष्टीसारखी नसते.

आईचं काय झालं, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, कारण मालिकेतल्या गोपिकाबाई विसरता येत नाहीत. मुलाशी बिनसल्यावर त्या पुणं सोडून नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिल्या. मावशीला हे इथे सांगितलं तेव्हा ती चमकली. "गंगापूर? आमच्या घरापासून वीस मिनिटं." इतकी वर्षं ती त्या रस्त्याने धरणावर फिरायला जात होती.

मंदिरातून नदीकडे उतरलात की रमाबाईंचं स्मारक आहे. त्या सती गेल्या. मालिकेत हा प्रसंग पांढरं लुगडं, मंद संगीत आणि संथ हालचाली अशा थाटात येतो. या ठिकाणी उभं राहून मला ते संगीत आठवत नाही. माधवराव सत्तावीस वर्षांचे होते आणि त्या त्यांच्याहून लहान होत्या, एवढंच आठवतं. सतीची चाल ब्रिटिश अमलात कायद्याने बंद झाली १८२९ मध्ये, म्हणजे सत्तावन्न वर्षांनी. सोबत मुलं असतील तर ती इथे प्रश्न विचारतील. 'प्रेमापोटी' असं सोपं उत्तर देऊन मोकळं होऊ नका. स्मारकापाशी पाच मिनिटं गप्प बसायला हरकत नाही. नदीला वास येतो, पाण्यावर जलपर्णी असते, आणि ते तसंच आहे. सेटवरची नदी स्वच्छ असते.

वर परत आलो तेव्हा मावशी सभामंडपात जाऊन एका खांबाला हात लावून उभी राहिली.

"हा त्यांनीच बांधलेला?"

"मंडप त्यांचाच. डागडुजी झाली असेल मधे."

"पण हे त्यांनी पाहिलेलं?"

"हो."

ती बराच वेळ तिथेच होती. दिवसभरात पहिल्यांदाच तिने 'सेट' हा शब्द काढला नाही.

साडेपाच-पावणेसहाला निघा. अंधार पडला की सोलापूर रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि ट्रक यांच्यामधून यावं लागतं, आणि हंगामात त्या ट्रॉल्यांना मागचा दिवा असतोच असं नाही. बसने येत असाल तर शेवटची बस किती वाजता ते उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा. मंदिराबाहेर उसाचा रस आणि भाजलेली कणसं मिळतात. कणीस गाडीत बसून खाल्लं तरी चालतं, ड्रायव्हरलाही एक घ्या.